सुट्टीच्या दिवशी अंगणात ग्रिल लावायचं तर ग्रिलवाल्यालाही बसायला मिळालं पाहिजे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की सुट्टीच्या दिवशी घराच्या मागच्या अंगणात दहा-बारा जणांसाठी ग्रिल लावायचंय, मागच्या वेळी लावलं तेव्हा तुम्ही अख्खी दुपार धुरात चिमटा घेऊन उभे होतात, लेग पीस बाहेरून काळे आणि हाडापाशी लाल निघाले, बाकीची मंडळी खुर्च्या टाकून गप्पा मारत बसलेली आणि तुमच्या ताटात शेवटी जे आलं ते गार झालेलं. यावेळी निवांत कसं करायचं, मॅरिनेशनला काय वापरू, आणि ग्रिलच्या खाण्याने कॅन्सरचा धोका असतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी केटरिंगमधे बरीच वर्षं लाइव्ह ग्रिलच सांभाळतो, त्यामुळे सरळ सांगतो, मॅरिनेशनचं नंतर बघू कारण तुमची गडबड तिथे नाहीये. गडबड आहे आग कशी मांडली यात. बहुतेक घरांमधे काय होतं, कोळसा पेटवला की तो तळाला सगळीकडे सारखा पसरवतात, वर जाळी, आणि जाळीभर चिकन. म्हणजे आता जाळीवर एक इंचसुद्धा जागा अशी नाही जिथे आग कमी आहे. लाल निखाऱ्यांच्या बरोबर वर तापमान २५०-३०० अंश सेल्सिअसच्या सहज पुढे जातं, तिथे लेग पीसची कातडी पाच-सात मिनिटात काळी होते पण उष्णता हाडापर्यंत पोचायला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यात कातडीची चरबी वितळून निखाऱ्यावर पडते, भडका उडतो, तुम्ही पीस इकडून तिकडे ढकलता, तिकडेही आगच. मग माणूस बसणार कधी? हे काम उभं राहूनच होणार, आणि तरीही नीट होणार नाही.

उपाय एकच आणि तो फुकट आहे. निखारे सगळे एका बाजूला करा, अर्ध्या भागात, आणि दुसरा अर्धा भाग पूर्ण रिकामा ठेवा. रिकाम्या भागात खाली एक अॅल्युमिनियमचा ट्रे ठेवायचा, त्यात दोन बोटं पाणी, चरबी त्यात पडते, भडका होत नाही आणि नंतर ग्रिल घासायचं कामही वाचतं. आता तुमच्याकडे दोन ग्रिल झाले, एक जोरदार आगीचं आणि एक झाकण लावल्यावर ओव्हनसारखं चालणारं. लेग पीस मिठाचे, मसाल्याचे जे असतील ते सगळे रिकाम्या बाजूला ठेवायचे, जाड भाग आगीकडे आणि बारीक हाडाचं टोक आगीपासून लांब, झाकण लावायचं आणि जाऊन खुर्चीत बसायचं. खरंच बसायचं. वीस मिनिटांनी एकदा उठून पीस फिरवा, जे आगीजवळ होते ते लांब आणि लांबचे जवळ, परत झाकण. साधारण ४० ते ५० मिनिटात आतून शिजतात, मग शेवटची तीन-चार मिनिटं आगीच्या बाजूला आणून कातडी खरपूस करून घ्यायची. उभं राहायचं ते एवढंच. मी तर म्हणेन की ज्याला कुणाला ग्रिलवर राग आलाय त्याने आधी फक्त ही एक गोष्ट बदलून बघावी, बाकी मसाले, सॉस, महागाची अवजारं सगळं नंतर.

झाकणाबद्दल थोडं जास्त बोलतो कारण त्याचा उपयोग लोकांना माहीतच नसतो, बरेच जण झाकण काढून भिंतीला टेकवून ठेवतात. हे गोल घुमटासारखं झाकण असलेलं केटल ग्रिल १९५२ साली जॉर्ज स्टीफन नावाच्या माणसाने बनवलं, तो वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधे काम करायचा, तिथे समुद्रात खुणेसाठी पाण्यावर तरंगत ठेवायचे धातूचे पोकळ गोळे (बोया) बनायचे, त्यातलाच गोळा आडवा कापून त्याने खालच्या भागाची कढई आणि वरच्याचं झाकण केलं. त्याला त्रास होता वाऱ्याचा आणि उघड्या आगीवर ताबा न राहण्याचा, म्हणजे तुमचाच त्रास. झाकण लावलं की दोन गोष्टी होतात. गरम हवा आत फिरते त्यामुळे अन्न वरूनही शिजतं, आणि हवा मोजूनमापूनच आत येते त्यामुळे भडका उडत नाही. कोळशाच्या ग्रिलमधे तापमान कमी-जास्त करायचं बटण म्हणजे हवा. खालची झडप हवा आत घेते, वरची धूर आणि गरम हवा बाहेर सोडते. सुरुवातीला दोन्ही पूर्ण उघड्या, आच कमी करायची असेल तर खालची अर्धी बंद करा, वरची मात्र पूर्ण बंद कधीच करायची नाही (शिजवत असताना), नाहीतर धूर आत कोंडतो आणि चिकनला कडवट, काजळीसारखी चव येते. झाकण असं फिरवून ठेवा की वरची झडप चिकनच्या डोक्यावर येईल, निखाऱ्यांच्या नाही, म्हणजे धूर चिकनवरून वाहत बाहेर जातो.

आणि हो, दर दोन मिनिटांनी झाकण उघडून बघायचं नाही. पाहुण्यातला एक जण हमखास येतो आणि "बघू तरी झालं का" म्हणून उघडतो, साठलेली गरम हवा जाते, वर निखाऱ्यांना एकदम भरपूर ऑक्सिजन मिळून ते भडकतात, म्हणजे वेळही वाढला आणि आगही. त्या माणसाला दुसरं काहीतरी काम द्या.

झाकणावर जो गोल काट्याचा मीटर असतो त्याच्यावर फार विसंबू नका, तो घुमटाच्या वरच्या भागातली हवा मोजतो आणि अन्न असतं खाली जाळीवर, फरक बराच पडतो. आच बघायला जुनी पद्धत चांगली आहे, तळहात जाळीच्या वर १०-१२ सेंटीमीटर धरायचा आणि सेकंद मोजायचे. दोन-तीन सेकंदात हात काढावा लागला तर आच तेज, चार-पाच सेकंद टिकला तर मध्यम, सात-आठ सेकंद आरामात राहिला तर मंद. चिकनच्या रिकाम्या बाजूवर मंद ते मध्यम पाहिजे.

आता कोळसा पेटवणं. इथे घाई केली की पूर्ण दिवस बिघडतो. लायटर फ्लुइड ओतून पेटवायची सवय असेल तर सोडा, ते नीट जळून जायच्या आत अन्न ठेवलं की रॉकेलसारखा वास येतोच. चिमणी स्टार्टर मिळतो, धातूचं नळकांडं असतं, खाली कागद आणि वर कोळसा, कागद पेटवला की ज्वाळा वर चढत जाते आणि १५-२० मिनिटात सगळा कोळसा पेटतो, फुंकर नको, पुठ्ठ्याने वारा घालायला नको. वरच्या कोळशांवर राखाडी राख दिसायला लागली की ओता. ओतताना जाड हातमोजा घाला आणि वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला उभे राहू नका, ठिणग्या उडतात. ओतल्यावर जाळी ठेवून पाच-दहा मिनिटं झाकण लावून जाळी चांगली तापू द्या, थंड जाळीवर सगळंच चिकटतं.

लाकडी कोळसा की ब्रिकेट, यावर लोक भांडतात. लाकडी कोळसा म्हणजे ओबडधोबड तुकडे, लवकर पेटतो, जास्त तापतो, राख कमी, पण तुकडे लहानमोठे असल्याने आच एकसारखी राहत नाही आणि लवकर संपतो. ब्रिकेट म्हणजे भुकटी दाबून केलेल्या उशीच्या आकाराच्या वड्या, आच थोडी कमी पण तासभर सरळ एका पातळीवर चालतात. तुम्हाला निवांत दिवस पाहिजे ना, मग ब्रिकेट घ्या. ज्याला आगीशी खेळायला आवडतं त्याने लाकडी कोळसा घ्यावा. ४५ मिनिटं ते तासाभराने आठ-दहा नवे ब्रिकेट टाकावे लागतील, ते आधी चिमणीत पेटवून मगच टाकायचे, कच्चे टाकले की आच पडते आणि धूर होतो. मी चिमणी जुन्या परातीत किंवा विटांवर ठेवून दुसरी खेप तयार ठेवतो, लाकडी टेबलावर किंवा गवतावर कधीच नाही.

धुराच्या चवीबद्दल एक गैरसमज आहे की कोळशानेच ती चव येते. कोळसा हा आधीच जळून निघालेला असतो, त्यातला धूर देणारा बराचसा भाग तो बनतानाच उडून गेलेला असतो, त्यामुळे नीट पेटलेल्या कोळशाला स्वतःचा वास फारच कमी. ग्रिलची म्हणून जी चव आपण ओळखतो ती मुख्यतः चरबी आणि रस निखाऱ्यावर पडून त्यांची वाफ परत अन्नाला लागते त्यातून येते. खरा लाकडाचा सुगंध हवा असेल तर मुठीएवढा एखादा सुकलेला लाकडाचा तुकडा, फळझाडाचा वगैरे, निखाऱ्यांवर ठेवा, एक बास, फार तर दोन. लाकूड पाण्यात भिजवून टाका असं सगळे सांगतात, त्याने काही होत नाही, आधी पाणी उडतं, तोवर नुसती वाफ, आणि मग ते जळायला लागतं. धूर पातळ, निळसर दिसला पाहिजे, दाट पांढरा धूर येत असेल तर लाकूड नीट जळत नाहीये, तेव्हा अन्न ठेवायचं नाही. चीड, देवदार अशी राळेची लाकडं नकोत, आणि रंग दिलेली फळी किंवा प्लायवुड तर अजिबात नाही, त्यातली रसायनं पोटात जातात.

हे झालं आगीचं. आता मॅरिनेशन, जे तुम्ही विचारलं होतं.

मसाला मांसात खोलवर "मुरतो" असं आपण म्हणतो पण मसाल्याचे, लसणाचे, तेलाचे बहुतेक घटक रात्रभर ठेवूनही वरच्या काही मिलिमीटरच्या पलीकडे जात नाहीत. आत जाणारी गोष्ट म्हणजे मीठ. म्हणून मीठ आदल्या रात्री आणि मसाला नंतर अशी माझी पद्धत आहे, किलोला साधारण १०-१२ ग्रॅम मीठ चोळायचं, कातडीवालं चिकन असेल तर ते न झाकता फ्रिजच्या सगळ्यात खालच्या कप्प्यात ठेवायचं (खाली म्हणजे त्याचं पाणी दुसऱ्या कशावर ठिबकणार नाही). मीठ आधी पाणी बाहेर ओढतं, मग तेच खारं पाणी परत आत जातं, त्याने मांस शिजतानाही रस धरून ठेवतं. शिवाय रात्रभरात कातडी सुकते आणि ग्रिलवर खरपूस व्हायला सुकी कातडी लागते, कारण जोवर वर पाणी आहे तोवर पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जात नाही आणि तपकिरी रंग व खमंग वास ज्या प्रक्रियेने येतो ती साधारण १४० अंशांच्या पुढे जोर धरते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लुई कामिय मायार याने १९१२ साली तिच्यावर लिहिलं म्हणून तिला मायार रिअॅक्शन म्हणतात. थोडक्यात काय, निथळत्या ओल्या मसाल्याचे गोळे घेऊन चिकन जाळीवर ठेवलं की ते आधी उकडतं आणि मग मसाला जळतो. दह्याचं मॅरिनेशन आवडत असेल तर जरूर करा, दह्याचं आम्ल सौम्य असतं, रात्रभर चालतं, फक्त ठेवण्याआधी हाताने निपटून काढा, पातळ थर राहिला पाहिजे. लिंबू आणि व्हिनेगरच्या बाबतीत हात आवरा. माशाला २०-३० मिनिटांच्या वर नको, तो पिठूळ होतो, आणि चिकनलाही रात्रभर नुसत्या लिंबात ठेवलं की वरचा थर खडूसारखा लागतो.

गोड सॉस, मध, साखर असलेलं काहीही सुरुवातीला लावू नका, शेवटच्या पाच-दहा मिनिटातच लावा. साखर जळायला वेळ लागत नाही आणि बाहेरून काळं दिसण्याचं अर्ध कारण तेच असतं. ज्या मॅरिनेशनमधे कच्चं मांस होतं ते वरून ब्रशने लावायचं नाही, लावायचंच असेल तर आधी चांगलं खळखळ उकळून घ्या. सोपं म्हणजे मसाला केला की पहिल्यांदाच एक वाटी बाजूला काढून ठेवायची.

हाडापाशी लाल निघालं म्हणालात त्यावर एक गंमत सांगतो, लाल म्हणजे कच्चंच असं नाही. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मगजाचा रंग शिजताना आजूबाजूच्या मांसात उतरतो, त्यामुळे पूर्ण शिजलेलं चिकनही हाडापाशी लालसर दिसू शकतं, आणि उलटही होतं, रस पांढरा निघाला तरी आत कच्चं असतं. डोळ्याने ठरवायचंच नाही. एक टोकदार डिजिटल थर्मामीटर घ्या, पटकन वाचणारा, ग्रिलसाठी एकच वस्तू विकत घ्यायची असेल तर ही. चिकनच्या सगळ्यात जाड भागात, हाडाला न टेकवता टोचायचा (हाडाला टेकला की खोटा आकडा दाखवतो). कुठलंही चिकन कमीत कमी ७४ अंश सेल्सिअस, मटणाच्या खिम्याचे कबाब किंवा पॅटी ७१, मटणाचे अखंड तुकडे ६३ आणि मग तीन मिनिटं तसेच ठेवायचे, मासाही ६३. खिम्याला अखंड तुकड्यापेक्षा जास्त का, तर जंतू मुख्यतः मांसाच्या बाहेरच्या बाजूवर असतात आणि खिमा करताना बाहेरचं सगळं आत मिसळतं.

पण ७४ हा सुरक्षिततेचा आकडा आहे, चवीचा वेगळा. लेग आणि थाय ७४ ला शिजलेले असतात पण चिवट लागतात, ते ८० ते ८५ पर्यंत जाऊ द्या, त्यातले जोड-धागे वितळून जिलेटिन होतं आणि मांस हाडापासून सुटायला लागतं. ब्रेस्ट ८० ला गेला तर भुसा. याचा निवांतपणाशी थेट संबंध आहे बरं का, कारण थायला दहा मिनिटं उशीर झाला तरी ते बिघडत नाही, उलट सुधारतं, आणि ब्रेस्टला चार मिनिटं उशीर झाला की संपलं. म्हणून सुट्टीच्या दिवशी गप्पा मारत करायचं असेल तर मेनूच असा निवडा जो तुमची वाट बघेल. हाडासकट थाय, लेग, मटणाचे जाड तुकडे मंद बाजूला, भाज्या, कणसं. पातळ फिलेट, बोनलेस ब्रेस्ट, कोळंबी या वस्तू वाईट नाहीत पण त्यांना तुमचं पूर्ण लक्ष लागतं, एखादीच ठेवा, दोन-तीन नकोत. पूर्ण कोंबडी करायची असेल तर पाठीचा कणा कात्रीने कापून काढा आणि छातीवर दाबून सपाट पसरवा, दीड किलोची कोंबडी अशी पसरून रिकाम्या बाजूला झाकणाखाली साधारण तासाभरात होते आणि सगळीकडून सारखी शिजते.

सळयांवर लावायचं असेल तर एका सळईवर एकच प्रकार. कांदा-ढोबळी मिरची-चिकन-टोमॅटो अशी रंगीत सळई फोटोत छान दिसते, खाताना टोमॅटोचं पाणी झालेलं असतं, कांदा कच्चा आणि चिकन कुठे तरी मधे. चिकनची वेगळी, मश्रूमची वेगळी, कांद्याची वेगळी. धातूच्या चपट्या सळया घ्या, गोल सळईवर तुकडा जागच्या जागी फिरतो आणि उलटल्यावर परत तीच बाजू खाली. बांबूच्या असतील तर अर्धा तास पाण्यात, तरी टोकं जळतातच.

भाज्यांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि शाकाहारी माणसं दोन कणसांवर अख्खी दुपार काढतात. चिकन मंद बाजूला झाकणाखाली असताना तेज बाजूची जाळी रिकामीच असते की, पण मांसाहाराच्या शेजारी नको असेल तर सरळ भाज्या पहिल्या घ्या, जाळी स्वच्छ, आग एकदम तेज, त्यांना हीच आच पाहिजे. मश्रूम तेल-मीठ लावून अखंड, ढोबळी मिरची मोठ्या फोडी, कांद्याच्या जाड चकत्या. बटाटा कच्चा ठेवायचाच नाही, आधी सकाळीच अर्धवट उकडून घ्या आणि मग खरपूस करा. वांगं अख्खं थेट निखाऱ्यांवर ठेवलं तरी चालतं, साल पूर्ण काळी झाली आणि देठापाशी मऊ लागलं की झालं. कणीस सोलून थेट आगीवर आठ-दहा मिनिटं फिरवत राहिलात की दाण्यांवर डाग येतात, तेच हवे असतात. तेल भाजीला लावा, जाळीवर ओतू नका. ज्यांच्यासाठी भाज्या त्यांचं पहिलं ताट त्यामुळे सगळ्यांच्या आधी जातं, ते खूश.

मासा चिकटतो ही तक्रार सगळ्यांचीच. मासा टिश्यूने कोरडा करा, तेल लावा, जाळी खूप तापलेली आणि स्वच्छ, कातडी खाली, आणि मग हात लावायचा नाही. तो खरपूस झाला की आपोआप सुटतो, ओढून उचलावा लागतोय म्हणजे अजून वेळ आहे.

आता दिवस कसा मांडायचा. सगळ्यांनी एकाच वेळी ताट वाढून घ्यायचं ही कल्पनाच सोडून द्या, ग्रिलवर दहा-बारा जणांचं सगळं एकदम गरम तयार होणं घरच्या जाळीवर होत नाही, आणि त्याच्यामागे लागलात की तुम्ही परत दिवसभर उभे. दुपारी एकला जेवायचं असेल तर सव्वाअकराला चिमणी पेटवा, बाराच्या आत भाज्या आणि कणसं, त्या लोक हातात घेऊन खातील, बाराला चिकन मंद बाजूला आणि झाकण, तुम्ही बसा. पाऊणच्या सुमाराला कातडी खरपूस करून उतरवा, पाच मिनिटं तसंच ठेवा (मोठे तुकडे उतरवल्यावरही आत दोन-तीन अंश चढतात), एकला सगळे बसा, तुम्हीसुद्धा. दुसरी खेप जाळीवर ठेवूनच बसायचं, ती मंद बाजूला आपली शिजत राहते. कापणं, मीठ लावणं, चटण्या-सॉस, सॅलड चिरणं हे आदल्या दिवशी. त्या दिवशी तुमच्याकडे चिमटा, थर्मामीटर, हातमोजा आणि दोन ट्रे एवढंच पाहिजे. दोन ट्रे का तर कच्चं ज्या ताटातून आणलं त्यात शिजलेलं परत काढायचं नाही, चिमटाही कच्च्याला लावला असेल तर धुवून घ्यायचा, सुट्टीनंतर पोटं बिघडतात त्यात हे मोठं कारण असतं. आणि उरलेलं अन्न बाहेर गप्पांच्या नादात पडून राहतं, दोन तासांच्या आत फ्रिजमधे गेलं पाहिजे, ऊन ३२ अंशांच्या वर असेल तर एकाच तासात. कच्चं मांसही ग्रिलवर जाईपर्यंत फ्रिजमधे किंवा बर्फाच्या पेटीत, "रूम टेंपरेचरला आणून ठेवा" वगैरे तासभर आधी काढायची गरज नाही, जाड तुकडा तेवढ्यात आतून फारसा तापतही नाही.

कॅन्सरचं काय, हाही प्रश्न तुमच्या प्रश्नात शेवटी होता. मांस फार तेज आचेवर काळं होईपर्यंत भाजलं की त्यात एचसीए नावाची संयुगं तयार होतात, आणि चरबी आगीवर पडून जो धूर येतो त्यातून पीएएच नावाची अन्नाला चिकटतात, प्रयोगशाळेत प्राण्यांवर दोन्हींचा वाईट परिणाम दिसलाय. घाबरून ग्रिल बंद करायची गरज नाही, पण काळं खाऊ नका, जळालेला भाग कापून टाका, तेज आचेवर असेल तेव्हा वारंवार उलटा, आणि मंद बाजूला शिजवून शेवटी थोडं खरपूस करायची जी पद्धत वर सांगितली तिने दोन्ही आपोआप कमी होतं.

गॅसचा ग्रिल असेल तर वरचं सगळं तसंच लागू, फक्त निखारे बाजूला करण्याऐवजी एका बाजूचा बर्नर चालू आणि दुसऱ्या बाजूचा बंद. १०-१५ मिनिटं झाकण लावून तापवा. पेटवताना झाकण उघडं पाहिजे, आणि सीझनमधे पहिल्यांदा काढलात की पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बघा, बुडबुडे आले तर गळती आहे.

ग्रिल भिंतीपासून, कुंपणापासून, झाडाच्या फांद्यांपासून निदान तीन मीटर लांब, सपाट जागेवर. पाऊस आला म्हणून गॅरेजमधे, छपराखालच्या बंद जागेत किंवा तंबूत नेऊ नका, दार उघडं ठेवलं तरी नाही, कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला ना रंग ना वास, आणि विझत आलेला कोळसाही तो सोडत असतो. दरवर्षी माणसं यात जातात. पाऊस आला तर झाकण लावून बाहेरच चालू द्या, केटलला पावसाने काही होत नाही, तुम्ही छत्री घ्या. भडका उडालाच तर पाणी मारू नका, पेटत्या चरबीवर पाणी पडलं की ती उडते आणि राखही सगळ्या अन्नावर, पीस रिकाम्या बाजूला सरकवा, झाकण लावा, हवा बंद झाली की बसतो. वाळूची बादली जवळ असू द्या आणि लहान मुलं असतील तर जमिनीवर खडूने एक रेघ मारा, तिच्या आत फक्त चिमटेवाला.

शेवटी साफसफाई. जाळी गरम असतानाच घासायची, थंड झाल्यावर दुप्पट मेहनत. तारांचा ब्रश मी वापरत नाही, त्याच्या तारा तुटून जाळीला चिकटतात आणि अन्नातून घशात, पोटात गेल्याच्या केसेस झालेल्या आहेत, त्याऐवजी फॉइलचा गोळा करून चिमट्यात धरून घासा किंवा लाकडी स्क्रेपर घ्या. मग दोन्ही झडपा बंद, झाकण बंद, हवा न मिळून कोळसा विझतो आणि अर्धवट जळालेले ब्रिकेट पुढच्या वेळी नव्यात मिसळून वापरता येतात. राख मात्र त्याच दिवशी कचऱ्यात टाकू नका, वरून गार दिसली तरी आत दोन-दोन दिवस धग राहते, प्लास्टिकची बादली वितळते आणि कचऱ्याचा डबा पेटतो. ४८ तास ग्रिलमधेच राहू द्या, नंतर झाकणाच्या धातूच्या डब्यात काढा, आणि घाईच असेल तर राख पाण्यात पूर्ण भिजवून, ढवळून, हात लावून गार आहे याची खात्री करूनच टाका.